घरातल्या खिडक्यांना ब्लाइंड निवडताना: पहिल्या मापापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत

नव्या घराचा ताबा मिळण्याआधीच फर्निचर, रंग आणि दिवे यांचे हिशेब मांडून झालेले असतात. खिडक्यांचा विचार मात्र राहायला गेल्यावर पहिल्याच दुपारी, तोंडावर ऊन आल्यावर सुचतो. आमचेही तसेच झाले. कोथरूडमधल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा एप्रिल चालू होता, दिवाणखान्याची सहा फुटी खिडकी नेमकी पश्चिमेला होती आणि चार वाजल्यानंतर सोफ्यावर बसणे अशक्य होते. त्या घाईत आठवडाभरात पाच खिडक्यांना ब्लाइंड बसवून घेतले आणि पुढच्या दोन वर्षांत त्यातले तीन काढून टाकले. ते तीन कोणते आणि का काढले, हे पुढे ओघात येईलच.

चुकीचे मूळ एकच होते. आम्ही निवडीची सुरुवात दुकानातल्या कॅटलॉगपासून केली. कॅटलॉगमधल्या सगळ्या खिडक्या बंद असतात आणि त्या खोल्यांत एसी चालू असतो, हे आमच्या ध्यानात आले नाही. आपल्याकडे वर्षातले निदान आठ महिने खिडकी उघडी असते. तिच्यातून वारा येतो, पावसाचे तुषार येतात, धूळ येते, आणि कधीकधी तिच्या गजांवर रुमालही वाळत असतात. म्हणून कापड, रंग आणि किंमत यांच्याआधी ती खिडकी दिवसभर काय काम करते, हे पाहावे लागते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

हाताशी काय असावे

साधने: पाच मीटरची पोलादी टेप (शिवणकामाची कापडी टेप नको, ती ताणली जाते), पेन्सिल, जाड कागदाची वही, लहान स्पिरिट लेव्हल, मोबाइलचा टॉर्च आणि पक्के स्टूल.

कागदपत्रे: भाड्याचे घर असेल तर लीव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, सोसायटीचे काम करण्याच्या वेळांविषयीचे नियम, प्रत्येक खिडकीच्या मापांचा कागद, दुकानदाराचे लेखी दरपत्रक आणि शेवटी जीएसटीसह पक्के बिल. भाडेकरूंनी करारातले भिंतीला भोके पाडण्याविषयीचे कलम आधी वाचावे आणि घरमालकाची संमती व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी घ्यावी. अनामत रक्कम परत घेण्याच्या वेळी तोंडी संमती कोणालाही आठवत नाही.

१. आधी आठवडाभर खिडकीकडे पाहा

राहायला गेल्यावर पहिला आठवडा जुन्या चादरी आणि ओढण्या लावून काढावा. या काळात प्रत्येक खिडकीपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ऊन किती वाजता येते आणि कुठपर्यंत पोचते, खिडकी कोणत्या वेळी उघडी असते, आणि समोरून कोणाची नजर आत येते.

उन्हाच्या बाबतीत एका आठवड्याचे निरीक्षण पुरेसे नसते, म्हणून दिशांचे गणित थोडे समजून घ्यावे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि या दोन तारखांच्या दरम्यान तो माध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. परिणामी ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे ऊन जवळजवळ येतच नाही. वरचा छज्जा ते अडवतो. डिसेंबरमध्ये मात्र माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, आणि तेव्हा दक्षिणेचे ऊन खोलीत शिरते. आपल्याकडच्या थंडीत ते हवेसेच असते, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला जाड ब्लाइंड लावून ते अडवण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न पश्चिमेचा. तीन वाजल्यापासून सूर्य खाली येऊ लागतो, किरण तिरपे येतात आणि दोन फुटी छज्ज्याचा त्यांना काहीच अडथळा होत नाही. पूर्वेच्या खिडकीतही हेच सकाळी घडते, पण सकाळी भिंती थंड असल्याने त्याचा त्रास उष्णतेपेक्षा झोपमोडीचा असतो. उत्तरेच्या खिडकीत मे ते जुलै या काळात सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते, एवढे सोडले तर वर्षभर शांत उजेड असतो. तिथे बहुतेक वेळा फक्त आडोसा लागतो.

२. खिडकी उघडते कशी, ते तपासा

जुन्या इमारतींत लाकडी झडपांच्या खिडक्या असतात. झडपा बाहेर उघडत असतील तर आतल्या बाजूला लोखंडी गज असतात, आणि गज भिंतीच्या आतल्या कडेला लागून असले की गाळ्यात, म्हणजे भिंतीच्या जाडीत खिडकीपुढे उरणाऱ्या जागेत, ब्लाइंड बसवायला जागाच उरत नाही. झडपा आत उघडत असतील तर ब्लाइंड भिंतीवर आणि झडपेच्या वरच्या टोकापेक्षा उंच लावावा लागतो. तो वर गुंडाळल्यावरही झडपेला आडवा येणार नाही याची खात्री करावी.

नव्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात, त्यातही दोन काचा आणि एक मच्छरदाणीची जाळी अशा तीन रुळांच्या. अशी खिडकी कधीही पूर्ण उघडत नाही, हे इथे उपयोगी पडते. सहा फुटी खिडकीला सहा फुटी एकच ब्लाइंड लावला, तर अर्ध्या खिडकीतून वारा हवा असला तरी सगळा ब्लाइंड वर घ्यावा लागतो आणि ऊनही आत येते. त्याऐवजी तीन-तीन फुटांचे दोन ब्लाइंड शेजारी लावले, तर जाळीसमोरचा वर घेऊन दुसरा खाली ठेवता येतो. दोहोंच्या मध्ये बोटभर फट राहते. दिवाणखान्यात ती चालते. आमचा दिवाणखाना या एका बदलाने सुसह्य झाला. शिवाय फार रुंद ब्लाइंडची, कापड गुंडाळणारी वरची नळी काही काळाने मध्ये वाकते आणि कापडाला तिरप्या सुरकुत्या पडतात, तीही अडचण टळते.

विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ज्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसतो, तिला गाळ्यातला ब्लाइंड लावू नये. कूलरसाठी खोलीतून हवा बाहेर जायला दुसरी खिडकी उघडी लागते, आणि त्या दुसऱ्या खिडकीलाही घट्ट बसणारा ब्लाइंड नको. तिथे वाळ्याचा पडदा किंवा साधा सुती पडदाच योग्य.

३. प्रकार निवडा

दुकानात ज्या क्रमाने दाखवतात त्या क्रमाने न जाता, कोणता प्रकार कुठे फसतो याच्यासकट सांगते.

रोलर हा सर्वांत साधा: वर नळी, तिच्यावर गुंडाळलेले एकसंध कापड, खाली वजनाची पट्टी आणि बाजूला मण्यांची साखळी. किमतीला कमी, पुसायला सोपा आणि गुंडाळल्यावर जेमतेम तीन इंच जागा घेणारा. याचा शत्रू वारा. आमच्या बेडरूमला रोलर लावला होता आणि रात्री खिडकी उघडी ठेवण्याची आम्हाला सवय होती. वाऱ्याची झुळूक आली की कापड शिडासारखे फुगे आणि परत येताना खालची पट्टी ग्रॅनाइटच्या चौकटीवर ‘टक्’ करून आदळे. दर दोन मिनिटांनी एक ‘टक्’. काढलेल्या तिघांपैकी हा पहिला. रोलरला दोन्ही बाजूंनी वरून खालपर्यंत ताणलेल्या बारीक तारांची जोड मिळते, त्यातून पट्टी सरकते आणि आदळत नाही. पण ती मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही.

झेब्रा म्हणजे पारदर्शक आणि अपारदर्शक पट्ट्या एकाआड एक असलेले दुपदरी कापड. पट्ट्या एकमेकींसमोर आणल्या की उजेड, आड केल्या की आडोसा. सध्या नव्या घरांत हाच सर्वाधिक दिसतो आणि देखणा आहे यात शंका नाही. मात्र ‘बंद’ केल्यावरही पट्ट्यांच्या कडांतून उजेडाच्या आडव्या रेघा येतात, त्यामुळे ज्याला पूर्ण अंधार हवा त्याच्या बेडरूममध्ये हा लावू नये. दोन पदरांच्या मध्ये साचलेली धूळ काढणे हेही कष्टाचे काम आहे. रस्त्यालगतच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा.

व्हेनेशियनमध्ये आडव्या पात्या असतात. अॅल्युमिनियमच्या पात्या बहुधा एक इंची, लाकडी किंवा लाकडासारख्या दिसणाऱ्या पीव्हीसीच्या दोन इंची. पात्या तिरप्या करून ऊन छताकडे वळवता येते आणि वाराही येऊ देता येतो, म्हणून अभ्यासाच्या खोलीला हा प्रकार मला सर्वांत योग्य वाटतो. प्रत्येक पाती दोन्ही बाजूंनी पुसावी लागते, ही त्याची किंमत. न्हाणीघराला लाकडी पात्या नकोत, पावसाळ्यात त्या फुगून वाकतात. अॅल्युमिनियम किंवा पीव्हीसी घ्यावे.

व्हर्टिकलच्या साधारण चार इंच रुंद उभ्या पट्ट्या आपल्याला कचेऱ्यांतून परिचित आहेत. घरात त्या फारशा कोणाला आवडत नाहीत, पण बाल्कनीच्या सरकत्या दाराला त्या सोयीच्या पडतात, कारण दारासारख्याच बाजूला सरकतात. पंख्याच्या वाऱ्याने पट्ट्या हलतात आणि खालची बारीक साखळी तुटत राहते.

रोमन ब्लाइंड कापडाचा असतो आणि वर घेतला की घड्या पडत जातात. कापड तुमच्या पसंतीचे, अगदी खण किंवा इरकलही शिवून घेता येते, आणि खोलीला येणारी ऊब दुसऱ्या कोणत्याही प्रकारात नाही. घड्यांचा गठ्ठा वर आठ-दहा इंच जागा अडवतो, म्हणून लहान खिडकीला तो गाळ्याबाहेर, उंच लावावा. स्वयंपाकघरात तो लावू नये, हे मी अनुभवाने सांगते. फोडणीचा तेलकट धूर सहा महिन्यांत घड्यांच्या कडांवर पिवळट रेघा काढतो, आणि त्या धुऊन जात नाहीत. काढलेल्यांपैकी हा दुसरा. त्या जागी आता स्प्रिंगच्या तारेवरचा सुती अर्धा पडदा आहे, जुन्या घरांत असतो तसा: खालून नजर अडते, वरून उजेड येतो, दर पंधरवड्याला धुता येतो आणि दोनशे रुपयांच्या आत काम भागते. ब्लाइंडच्या लेखात हे सांगणे विचित्र वाटेल, पण गॅसजवळच्या खिडकीला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

हनीकोंब म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ घरांचे कापड. घरांमध्ये हवा अडकते आणि ती उष्णतेला रोखते. एसी बराच वेळ चालणाऱ्या पश्चिमेच्या बेडरूमला याचा उपयोग होतो. खिडक्या उघड्या ठेवणाऱ्या घरात या महागड्या प्रकाराचा फायदा वाऱ्याबरोबर निघून जातो.

बाल्कनीसाठी बांबूच्या चिका हा जुना आणि चोख उपाय आहे. काचेच्या आत लावलेला कोणताही ब्लाइंड ऊन खोलीत शिरल्यानंतरच अडवतो, तापतो आणि ती उष्णता बरीचशी खोलीतच सोडतो. चिक काचेच्या बाहेर असल्याने ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. पावसाळ्यात मात्र बांबू आणि तागाला बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी त्या उतरवून कोरड्या जागी ठेवाव्यात. इमारतीचे बाहेरचे रूप बदलते म्हणून काही सोसायट्या चिकांना हरकत घेतात, तेव्हा कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

४. कापड हातात घेऊन पाहा

दुकानात तीन शब्द कानावर येतील: ब्लॅकआउट, डिमआउट आणि सनस्क्रीन. ब्लॅकआउट कापडातून उजेड येत नाही, डिमआउटमधून मंद येतो आणि सनस्क्रीन हे बारीक जाळीचे विणलेले कापड असते. शब्दांवर विश्वास न ठेवता नमुन्याच्या मागे मोबाइलचा टॉर्च टेकवून पाहावा. खऱ्या ब्लॅकआउटमध्ये प्रकाशाचा ठिपकाही दिसत नाही. एवढे करूनही खोलीत पूर्ण अंधार होईलच असे नाही, कारण नळीला दोन्ही टोकांना धरणाऱ्या ब्रॅकेटमुळे रोलरचे कापड ब्लाइंडच्या एकूण रुंदीपेक्षा अरुंद असते आणि दोन्ही कडांना अर्धा-पाऊण इंच फट राहते. रात्रपाळी करणाऱ्यांनी किंवा तान्ह्या मुलाच्या खोलीसाठी ब्लॅकआउट घेणाऱ्यांनी तो भिंतीवर, खिडकीपेक्षा रुंद लावून घ्यावा.

सनस्क्रीन कापडावर १, ३, ५ किंवा १० टक्के असा आकडा असतो. कापडाच्या एकूण क्षेत्रात छिद्रांचा वाटा किती, हे तो सांगतो. पश्चिमेला १ किंवा ३, उत्तरेला ५ किंवा १० टक्क्यांचे कापड चालते. रंगाची निवड इथे जरा उलटी आहे: गडद कापडातून बाहेरचे दृश्य अधिक स्पष्ट दिसते आणि डोळ्यांवर चमक येत नाही, तर फिकट कापड ऊन अधिक परतवते पण स्वतःच उजळून निघते. शक्य असेल तर काचेकडची बाजू पांढरी आणि खोलीकडची गडद असलेले कापड मागावे.

सनस्क्रीनचा सर्वांत मोठा सापळा रात्री कळतो. दिवसा बाहेरच्याला आतले दिसत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. संध्याकाळी घरात दिवे लागले की नेमके उलटे होते आणि समोरच्या इमारतीला तुमची बैठक नीट दिसू लागते. समोर घरे असतील तर सनस्क्रीनच्या जोडीला पडदा हवाच.

नमुन्याची दोन इंची चिंधी पाहून निर्णय घेऊ नये. निदान हातभर तुकडा घरी आणून दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात खिडकीला लावून पाहावा. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी वाटलेले आमचे कापड घरी निळसर निघाले होते, आणि ते आम्ही अजून वापरतो आहोत.

५. गाळ्यात की भिंतीवर, हे ठरवा

भिंतीच्या जाडीत खिडकीच्या आतल्या बाजूला जी मोकळी जागा उरते, तो गाळा. त्यात ब्लाइंड बसवला तर तो नीटस दिसतो आणि खाली सामान ठेवता येते. दुकानदार याला ‘इनसाइड’ म्हणतात. भिंतीवर, गाळा झाकून बसवला तर ‘आउटसाइड’. गाळ्याची खोली मोजताना काचेपासून मोजू नये. खिडकीची मूठ किंवा कडी जिथपर्यंत पुढे येते तिथून मोजावे. रोलरला साधारण तीन इंच, वरची नळी झाकणाऱ्या डब्यासह येणाऱ्या झेब्राला साडेतीन ते चार इंच आणि एक इंची पात्यांच्या व्हेनेशियनला दीड-दोन इंच खोली लागते. ती नसेल तर भिंतीवर लावावा आणि प्रत्येक बाजूला तीन-चार इंच, वर चार-सहा इंच जास्तीचे धरावेत.

घराचे इंटिरिअरचे काम अजून चालू असेल तर सुताराला आताच सांगा: पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये स्क्रू धरत नाही, म्हणून ज्या जागी ब्लाइंड लटकणार तिथे आत प्लायची पट्टी ठेवायला लावावी. मोटरचा ब्लाइंड घ्यायचा विचार असेल तर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात विजेचा पॉइंटही याच वेळी काढून घ्यावा. नंतर वायर भिंतीवरून ओढावी लागते.

६. मापे घ्या आणि ती नीट लिहा

गवंडी ज्याला ‘गुण्यात असणे’ म्हणतात, म्हणजे चारही कोन काटकोनात असणे, तशा खिडक्या नव्या इमारतींतही कमीच सापडतात. म्हणून रुंदी तीन ठिकाणी मोजावी: वर, मध्ये आणि खाली. उंचीही तीन ठिकाणी: डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. गाळ्यात बसवायचे असेल तर दोन्हींतले सर्वांत लहान माप धरावे. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर खिडकी तिरकी आहे, आणि गाळ्यातला ब्लाइंड एका बाजूला पाचरीसारखी फट दाखवील. अशी खिडकी भिंतीवरच्या ब्लाइंडने झाकावी.

आता लिहिण्याविषयी, कारण आमचा तिसरा ब्लाइंड इथेच वाया गेला. लहान बेडरूमच्या खिडकीची उंची चार फूट दहा इंच होती. मी कागदावर ४.१० असे लिहिले. कारखान्यात ते ४.१ फूट असे वाचले गेले, म्हणजे जेमतेम ४९ इंच, आणि ५८ इंचांच्या खिडकीला खालून नऊ इंच उघडा राहणारा ब्लाइंड तयार होऊन आला. बसवायला आलेल्या मुलाने तो लावला, दोन पावले मागे गेला, खालच्या मोकळ्या वीतभर जागेकडे पाहिले आणि खिशातून कागद काढून माझ्यापुढे धरला. “ताई, अक्षर तुमचंच आहे ना?” अक्षर माझेच होते. मापाने बनवलेला माल परत घेत नाहीत, हेही बिलाच्या मागे छापलेले होते.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. सगळी मापे फक्त इंचांत किंवा फक्त मिलिमीटरमध्ये लिहावीत, फुटांत कधीही नाही. सुतार आणि फिटर इंचाचे आठ भाग करून ‘सूत’ मोजतात. त्यांच्या कागदावरचे ४१-६ म्हणजे ४१ इंच ६ सूत, अर्थात ४१.७५, याला ४१.६ समजू नये. गाळ्यातल्या ब्लाइंडला तेवढ्या फरकाने कड घासते. आधी रुंदी, मग उंची हा क्रम ठेवून प्रत्येक आकड्यापुढे ‘रुं.’ आणि ‘उं.’ लिहावे. शेवटी, ही मोकळ्या गाळ्याची मापे आहेत की तयार ब्लाइंडची, ते शब्दांत लिहावे. गाळ्याचे माप दिल्यास कारखाना स्वतः थोडी सूट कापतो. तुम्हीही आधीच कापली तर ब्लाइंड दोनदा आखूड होतो.

दुकानदाराचा माणूस माप घ्यायला येत असेल तर फारच उत्तम, त्यालाच घेऊ द्यावे आणि कागदावर त्याची सही घ्यावी. माप चुकले तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या सहीने सुटतो.

७. दरपत्रक वाचताना

भाव चौरस फुटावर सांगतात, पण बहुतेक ठिकाणी एका ब्लाइंडमागे किमान क्षेत्र धरलेले असते, कुठे १० तर कुठे १५ चौरस फूट. न्हाणीघराची दोन बाय दोनची खिडकी प्रत्यक्षात ४ चौरस फुटांची, पण बिल १० किंवा १५ फुटांचे येते. याच कारणाने मोठ्या खिडकीचे दोन ब्लाइंड करताना प्रत्येकाचे क्षेत्र किमान मर्यादेच्या वर राहते ना, ते पाहावे. आमचे तीन बाय साडेचार, म्हणजे साडेतेरा फुटांचे होते. १० फुटांची मर्यादा असलेल्या दुकानात ते परवडले, १५ वाल्याकडे तीन फूट फुकट गेले असते.

त्याखेरीज पुढील बाबी लेखी विचारून घ्याव्यात: बसवणावळ धरली आहे का, जीएसटी आत आहे की वेगळा, वरचा डबा किंमतीत आहे का, यंत्रणेची आणि कापडाची हमी वेगवेगळी आहे का, आणि साखळी तुटली तर सुटी मिळते का. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नये. किनाऱ्यालगत, म्हणजे मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी ब्रॅकेट आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागावेत. खाऱ्या हवेत साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून भिंतीवर तांबूस ओघळ आणतात.

८. घरात लहान मूल असेल तर

ही पायरी छोटी आहे, पण ती कोणीही वगळू नये. लोंबणारी दोरी किंवा साखळीचा फास लहान मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकतो आणि आवाजही न होता जीव जाऊ शकतो. अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून या उद्योगाच्या मानकानुसार दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड दोरीविना किंवा हाती न लागणाऱ्या दोरीचे असावे लागतात. आपल्याकडे ते आपणच मागावे लागते. स्प्रिंगचा, दोरी नसलेला प्रकार घ्यावा. साखळीचाच घ्यायचा असेल तर ती ताणून भिंतीला पक्की करणारी लहान पट्टी बसवूनच घ्यावी. पाळणा, पलंग किंवा चढता येईल असे कोणतेही फर्निचर खिडकीखालून हलवावे.

९. बसवण्याच्या दिवशी

सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल चालत नसेल तर फिटरला सकाळची वेळ द्यावी. खिडकीवरचा लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, काँक्रीटचा असतो, तिथे साधे ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल आणायला सांगावे. बाजूची भिंत हलक्या एएसी (सच्छिद्र सिमेंटच्या) ब्लॉकची असेल तर उलट अडचण: भोक सहज पडते, पण प्लास्टिकचा प्लग त्यात सैल राहतो. तिथे लांब स्क्रू आणि एएसीसाठीचे वेगळे प्लग लागतात. भोक पाडण्याआधी विजेची वायर कुठून गेली आहे हे स्विचबोर्डाच्या सरळ रेषेवरून ताडून पाहावे.

साखळी कोणत्या बाजूला हवी ते ऑर्डर देतानाच सांगितलेले असते, तरीही खोके उघडताच तपासावे. आमच्या एका ब्लाइंडची साखळी कपाटाच्या मागे आली असती. ब्रॅकेट लावल्यावर लेव्हल स्वतः टेकवून पाहावी. ब्लाइंड जरा तिरका बसला तर गुंडाळताना कापड एका बाजूला सरकत जाते आणि महिन्याभरात त्याच्या कडेचे धागे सुटू लागतात. प्रत्येक ब्लाइंड पाच वेळा पूर्ण वर-खाली करून, खिडकी उघडून-मिटून पाहिल्यावरच उरलेले पैसे द्यावेत.

१०. निगा आणि एक कागद

रोलर आणि झेब्रा कोरड्या मऊ फडक्याने किंवा व्हॅक्यूमच्या ब्रशने आठवड्यातून एकदा झाडावेत, डाग पडल्यास साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टिपावे; घासल्यास ब्लॅकआउटच्या मागचा लेप निघतो. पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवताना ब्लाइंड पूर्ण वर घ्यावा आणि ओला झालेला कधीही गुंडाळू नये, वाळू द्यावा.

एका खोलीतल्या सगळ्या खिडक्यांचे कापड एकाच वेळी मागवावे, कारण तोच क्रमांक सांगूनही दुसऱ्या खेपेच्या रंगात छटेचा फरक येतो. कापडाचा क्रमांक, प्रत्येक खिडकीची अंतिम मापे, साखळीची बाजू आणि फिटरचा नंबर एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा. आमच्या कागदावर सर्वांत वर, लाल शाईने, ‘५८ इंच’ असे लिहिलेले आहे.